श्टुटगार्टमध्ये नवं घर : चाव्या हातात आल्यावर पुढे काय?

रानजाई

पुणे, नाशिक, कोल्हापूरकडून जर्मनीत श्टुटगार्टला येणाऱ्यांची संख्या वाढतेच आहे. झिंडेलफिंगन, ब्योब्लिंगन, फॉयरबाख, त्सुफेनहाउझन या पट्ट्यात मोटारींचे कारखाने आहेत आणि त्यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या कंपन्याही. घर कसं शोधायचं यावर बरंच लिहून झालंय. घर मिळाल्यावर काय करायचं यावर मात्र कुणी सलग लिहिलेलं नाही, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगते. पहिल्या महिन्यात सोफा, पडदे, गालिचे यांच्या मागे लागू नका. आधी दारावरचं नाव, मग कागद, मग शेजार. हे तीन मार्गी लागलं की रिकाम्या खोल्यांतही माणूस निवांत झोपतो.

नाव : इथे पत्त्यात बहुधा फ्लॅट नंबर नसतोच. रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड, गाव, संपलं. पोस्टमन पत्र टाकतो ते पेटीवरचं नाव वाचून. नाव नसेल तर बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, सरकारी पत्र, सगळं परत जातं, आणि तुम्ही महिनाभर वाट बघत बसता. पाटी घरमालक किंवा हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, करून देतो, पण त्याला वेळ लागतो. तोवर कागदावर ठळक अक्षरांत लिहून पेटीवर आणि खालच्या बेलवर चिकटवा. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लिहा. पासपोर्टवर आडनाव जसं आहे तसंच.

कागद : राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत आनमेल्डुंग, म्हणजे पालिकेत पत्त्याची नोंदणी. त्यासाठी घरमालकाने सही केलेला दाखला लागतो, की ही मंडळी माझ्या घरात अमुक तारखेपासून राहतात. २०१५ पासून तो सक्तीचा आहे. भाडेकरार दाखवून भागत नाही. चाव्या घ्याल त्याच वेळी या दाखल्यावर सही मागून घ्या. नोंदणी झाली की काही आठवड्यांत ११ अंकी कर-क्रमांक पोस्टाने येतो. पोस्टानेच येतो, म्हणून नावाचं आधी सांगितलं.

एखादा घरमालक "घर देतो, पण नोंदणी करता येणार नाही" म्हणाला तर भाडं कितीही कमी असू दे, ते घर सोडून द्या.

शेजार : यावर सविस्तर लिहायचंय, पण आधी बाकीच्यांचे अनुभव येऊ देत.

---

डोंगरवाट

उत्तम धागा. चाव्या घेतानाची आणखी एक गोष्ट. घर ताब्यात घेताना दोघांच्या सह्यांचा एक तक्ता होतो, त्याला युबरगाबेप्रोटोकोल म्हणतात. फरशीवरचा चरा, खिडकीच्या चौकटीचा उडालेला रंग, बेसिनचा तडा, जे दिसेल ते त्यात लिहून घ्या. संकोच करू नका, इथे कुणाला त्याचा राग येत नाही. वीज, पाणी, हीटिंगच्या मीटरचे आकडे आणि चाव्यांची संख्याही त्यात हवी. शिवाय प्रत्येक खोलीचे फोटो. घर सोडताना अनामत परत मिळवण्यासाठी हाच कागद कामी येतो.

अनामतीबद्दल : कायद्याने ती तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा, म्हणजे हीटिंग-पाण्याचा खर्च धरण्याआधीच्या भाड्यापेक्षा, जास्त घेता येत नाही. आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा तुम्हाला हक्क आहे. भारतातून नुकतं आल्यावर एवढे यूरो एकदम काढणं जड जातं, म्हणून हे माहीत असलेलं बरं. घर न बघताच अनामत पाठवायला सांगणारी जाहिरात दिसली तर ती फसवणूक समजा.

---

कोथिंबीरवडी

आम्ही पुढच्या महिन्यात येतोय. घराच्या फोटोंत स्वयंपाकघराची खोली पूर्ण रिकामी दिसतेय, फक्त भिंतीतून नळाची तोंडं बाहेर आलेली. घरमालक म्हणतात, बरोबरच आहे. हे खरं आहे का? मुलगी दीड वर्षाची आहे, पहिल्या दिवसापासून वरणभात तर लागणारच.

---

रानजाई

हो, खरं आहे. इथे बऱ्याच घरांत ओटा, सिंक, शेगडी, कपाटं यातलं काहीच नसतं. भाडेकरू स्वतःचं स्वयंपाकघर घेऊन येतो आणि जाताना काढून नेतो. छतालाही दिवे नसतात, तीन वायरी लोंबत असतात. नोव्हेंबरात येत असाल तर साडेचार-पाचलाच काळोख पडतो, म्हणून दिव्यांचं आधी बघा. जमिनीवर ठेवायचा एक दिवा पहिल्याच दिवशी घ्या. छताचे सावकाश लावा, फ्यूज बंद करून.

स्वयंपाकघरासाठी आधीच्या भाडेकरूला विचारा. बहुतेकांना ते उचकटून नेण्यापेक्षा तिथेच विकायचं असतं. त्या रकमेला आब्लोझे म्हणतात आणि घासाघीस चालते. त्याची पावती घ्या, कारण उद्या तुम्हीही ते पुढच्याला विकाल. नवीन बसवायचं तर ऑर्डर केल्यापासून काही आठवडे लागतात. तोवर विजेची सुटी शेगडी आणि कुकर यावर संसार चालतो. मुलीचा वरणभात चुकणार नाही, काळजी करू नका.

---

आजरा_घनसाळ

कुकरवरून आठवलं. निघण्याआधी घरच्या भांड्यांना लोहचुंबक लावून बघा. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही. बुडाला चुंबक चिकटला तरच आणा. साधी काचेची शेगडी असेल तर ॲल्युमिनियम चालतं, फक्त लोखंडी तवा तिच्यावर ओढू नका, उचलून ठेवा. चरा गेला तर भरपाई द्यावी लागते.

मिक्सर जरूर आणा. इथेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच आहे, फक्त पिन बदलायला ॲडॉप्टर लागतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांचा सल्ला इथे लावू नका, तिथे १२० व्होल्ट आहे, त्यांचा प्रश्न वेगळा.

पिठाचं : दुकानातलं ४०५ नंबरचं गव्हाचं पीठ म्हणजे आपला मैदा. पोळ्यांसाठी १०५० नंबरचं घ्या, किंवा त्यात थोडं फोल्कोर्न, म्हणजे कोंड्यासकट दळलेलं पीठ, मिसळा. आटा हवाच असेल तर भारतीय आणि तुर्की दुकानांत मिळतो. श्रीखंडासाठी डब्यावर ४० टक्के फॅट लिहिलेलं क्वार्क, म्हणजे इथला चक्क्यासारखा पदार्थ, आणा, चक्का टांगायची गरज उरत नाही. थोडा वेळ फडक्यात ठेवलं तर आणखी घट्ट होतं.

---

वसईची_वेल

आनमेल्डुंगबद्दल एक भर, विशेषतः आमच्या वसईकडच्या आणि गोव्याच्या लोकांसाठी. फॉर्मवर धर्माचा रकाना असतो आणि त्याचा थेट पगाराशी संबंध आहे. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलंत की चर्च-कर कापला जातो, आपल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आणि बायर्नमध्ये (बव्हेरियात) आयकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९ टक्के. हिंदू, बौद्ध किंवा कुठलाच धर्म नाही असं लिहिणाऱ्यांना हा कर नाही. आम्ही तो विचार करून भरतो. आमच्या पॅरिशने पहिल्या हिवाळ्यात आम्हाला जे माणसांत आणलं त्याचं मोल आम्हाला ठाऊक आहे. पण काय लिहितोय आणि त्याने काय होतं, हे माहीत असूनच लिहावं.

---

डोंगरवाट

नोंदणीनंतर आपोआप येणारं आणखी एक पत्र म्हणजे रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं. महिना १८.३६ यूरो, घरात टीव्ही असो-नसो. हे घरटी आहे, माणशी नाही. तिघं मित्र एकत्र राहत असतील तर एकानेच भरायचं आणि बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा. पत्र केराच्या टोपलीत टाकू नका, थकबाकी वाढत जाते.

विजेचंही तसंच. तुम्ही काहीच केलं नाहीत तरी दिवे लागतात, कारण त्या भागातला मूळ पुरवठादार आपोआप वीज देऊ लागतो. पण तो दर बहुधा महाग असतो. दोन आठवड्यांच्या नोटिशीवर त्यातून बाहेर पडता येतं. ताबा घेताना टिपलेला मीटरचा आकडा इथे उपयोगी येतो.

---

पाणंद

भिंतीवरच्या बुरशीबद्दल कुणी बोललं नाही अजून. माझ्या मते आपल्या लोकांचं अनामतीतून सर्वांत जास्त नुकसान यानेच होतं.

इथली घरं हवाबंद असतात. आपल्याकडे दारं-खिडक्या दिवसभर उघड्या, वारा खेळता असतो. इथे तीच वाफ आतच राहते. भात, डाळ, कुकरच्या शिट्ट्या, गरम पाण्याची आंघोळ, खोलीत वाळत घातलेले कपडे, सगळी वाफ बाहेरच्या थंड भिंतीवर जाऊन बसते आणि डिसेंबरपर्यंत कपाटामागे काळे ठिपके उठतात. म्हणून दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडायच्या, तेवढ्या वेळात रेडिएटर बंद. खिडकी वरून जराशी कलती करून दिवसभर ठेवली तर उलटंच होतं, हवा पुरेशी बदलत नाही आणि भिंत मात्र गार पडते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून थोडं पुढे ओढून ठेवा. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ दहा-पंधरा यूरोत मिळतं, काटा ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये असावा.

न्हाणीघरातही तेच लक्षात ठेवा. बहुतेक घरांत जमिनीला मोरी नसते. बादली-तांब्याने आंघोळ करायची असेल तर टबच्या आतच. आई-वडील आले की त्यांना हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर पाणी खालच्यांच्या छतात उतरतं.

आणि हीटिंग. भाड्यासोबत महिन्याला भरता ती रक्कम फक्त आगाऊ असते. वर्षाचा हिशेब नंतर येतो, आणि हीटिंगच्या खर्चाचा निदान निम्मा भाग प्रत्यक्ष वापरावर ठरतो. थंडीत रेडिएटर पाचवर, म्हणजे पूर्ण मोठा, ठेवून खिडकी उघडी टाकणाऱ्यांना भलंमोठं बिल येतं. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत घरमालकाने हिशेब पाठवला नाही, तर उशिरा मागितलेली जादा रक्कम साधारणपणे द्यावी लागत नाही. ही मुदत लक्षात ठेवा.

---

शिशिर_०७

फोडणीच्या वासाबद्दल विचारायचं होतं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी चिठ्ठी लावलीय, जिन्यात मसाल्याचा वास येतो म्हणून. बायको आता लसूण परतायलाही घाबरते. काय करावं?

---

आजरा_घनसाळ

तुमच्या घरात तुम्ही रोजचं जेवण करणार, ते थांबवायचा हक्क कुणालाही नाही. वहिनींना सांगा, बिनधास्त लसूण परता. एवढंच करा : जिन्याकडचं दार स्वयंपाकाच्या वेळी आणि नंतर अर्धा तास उघडू नका, खिडकी उघडा. आणि धूर ओढायच्या यंत्रात बघा, बऱ्याच घरांत ते हवा बाहेर न टाकता गाळून आतच सोडतं. त्यातला कोळशाचा फिल्टर जुना झाला असेल तर बदला, पुष्कळ फरक पडतो.

---

डोंगरवाट

आजरा, पूर्ण सहमत नाही. हक्क आहे हे बरोबर, पण चिठ्ठीला उत्तर म्हणून हक्क दाखवला तर पुढची कित्येक वर्षं त्याच जिन्यात रोज तोंड चुकवत राहावं लागेल. शिशिर, तुम्ही दोघं वर जाऊन भेटा. फिल्टर बदलला, दार बंद ठेवतो, एवढं सांगा. चिठ्ठीने वाढलेल्या गोष्टी समोरासमोर निवळतात असा माझा अनुभव आहे.

---

आजरा_घनसाळ

भेटायला माझीही ना नाही. पण आपल्याकडून कायम माफी मागण्याचा सूर नको, एवढंच म्हणतोय. माझ्या एका मित्राला घर बघायला गेल्यावर तोंडावर सांगितलं गेलं, की "भारतीय भाडेकरू नकोत, भिंतींना वास बसतो." २००६ पासून इथे समान वागणुकीचा कायदा आहे आणि वंशावरून घर नाकारणं त्यात बसत नाही. आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक असतं? शहरात भाडेकरू संघ आहे, वर्गणी भरून सभासद झालं की वकिलाचा सल्ला मिळतो. नव्या माणसाने पहिल्या वर्षीच सभासद व्हावं असं मी सांगेन.

---

रानजाई

दोघांचंही पटतं. शिशिर, आधी भेटा, त्यानेही भागलं नाही तर संघ आहेच.

आता शेजाराबद्दल, जे मला पहिल्यापासून लिहायचं होतं. हा श्वाबेन प्रांत आहे आणि इथे केअरवोखे असते. आठवड्याच्या सफाईची पाळी. पाळी तुमची असेल त्या आठवड्यात तुमच्या दाराला एक पाटी लटकते. लहान पाळी म्हणजे तुमच्या मजल्यावरचा जिना झाडून पुसायचा. मोठी पाळी म्हणजे तळघर, अंगण, समोरचा फुटपाथ, आणि हिवाळ्यात बर्फ. कामाच्या दिवशी सकाळी ७ च्या आत फुटपाथ मोकळा व्हायला लागतो. रस्ते-उकिरडे साफ ठेवण्याचे इथले नियम थेट १४९२ सालापर्यंत मागे जातात. १९८८ मध्ये शहराने आपली सक्ती काढून घेतली, पण भाडेकरारांत आणि लोकांच्या मनात ती जशीच्या तशी आहे.

आपले बरेचजण हिला कटकट समजतात. पैसे देऊन माणूस लावतात, किंवा पाटी गुपचूप पुढच्या दाराला अडकवतात. मी मनापासून सांगते, तसं करू नका. जिना पुसताना जी ओळख होते ती महिनोन्‌महिने नुसतं "ग्र्यूस गॉट" (इथला नमस्कार) म्हणून होत नाही. माणसं थांबतात, दोन शब्द बोलतात, कुठल्या दिवशी कुठला कचरा जातो ते सांगतात. आमच्या इमारतीत माझं जर्मन तिथेच सुधारलं, वर्गात नाही. जिना शनिवारी पुसा. रविवारी फरशी पुसणं चालतं, पण भिंतीत ड्रिल मारणं किंवा काचेच्या बाटल्या डब्यात टाकणं मुळीच नाही. रात्री १० ते सकाळी ६ शांतता.

आल्याबरोबर एक करा. जिन्यात खाली चिठ्ठी लावा : आम्ही अमुक मजल्यावर नवीन आलो, भारतातून, घरात लहान मूल आहे, सामान लावताना आवाज झाला तर सांभाळून घ्या. शेजाऱ्यांची पार्सलं घेऊन ठेवत जा. कुणीतरी पाव आणि मीठ घेऊन दारात येईल, नव्या घराला शुभेच्छा द्यायची इथली ती रीत आहे. आपण नव्या घरात दूध उतू घालतो, तसंच. त्यांना आत बोलवा.

---

गोदाकाठ_आई

मी नाशिकची. मुलीकडे तिच्या बाळंतपणात येऊन राहिले होते, एसलिंगनला. वाचून फार बरं वाटलं म्हणून लिहिते.

आई-बाबांना बोलावणाऱ्या मुलांना माझं एक सांगणं आहे. आम्हाला तुमचं घर दाखवता, शहर दाखवता, पण दार कसं उघडायचं ते नीट शिकवत नाही. इथलं दार मागे ओढलं की बंद होतं आणि बाहेरून कडी फिरत नाही, चावीच लागते. मी कचरा टाकायला खाली गेले आणि दार लागलं. मुलगी कामावर, माझ्याकडे फोन नाही. समोरच्या आजींनी घरात घेतलं, चहा दिला, मुलीला फोन लावला. एकमेकींची भाषा येत नव्हती, पण नातवाचे फोटो दोघींकडे होते. पुढे मी त्यांना चकल्या दिल्या, त्यांनी त्यांच्या झाडाच्या प्लमांचा मुरंबा. अजून मुलगी फोनवर त्यांची खुशाली सांगते.

आई-वडिलांना शेजाऱ्यांच्या दारापर्यंत एकदा घेऊन जा. तुम्ही दिवसभर बाहेर असता. घरात आम्ही असतो.

---

डोंगरवाट

काकू, फार मोलाचं लिहिलंत. याला जोडून : एक जास्तीची चावी शेजाऱ्यांकडे किंवा जवळच्या मित्राकडे ठेवा. रात्री-बेरात्री इंटरनेटवरून बोलावलेले कुलूपवाले वाट्टेल ते पैसे मागतात. आणि दायित्व विमा घ्याच, हाफ्टफ्लिष्ट, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा. वर्षाला फार पडत नाही. घेताना त्यात भाड्याच्या घराच्या चाव्या हरवणं धरलंय का ते वाचा. मुख्य दाराची चावी हरवली तर अख्ख्या इमारतीची कुलपं बदलायचा खर्च अंगावर येऊ शकतो.

---

पाणंद

कचऱ्याचं राहिलं. कागद, ओला, पॅकिंगचा आणि उरलेला, असे वेगळे डबे. काच रस्त्यावरच्या टाक्यांत, पांढरी, तपकिरी, हिरवी वेगळी. पाण्याच्या-कोल्ड्रिंकच्या एकदाच वापरायच्या बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते, त्या दुकानातल्या यंत्रात परत. जुनं फर्निचर फुटपाथवर सोडून देऊ नका, पालिकेकडे उचलायची नोंद करता येते.

---

वसईची_वेल

घर अजून ठरायचं असलेल्यांसाठी : नकाशावर अंतर बघू नका, चढ बघा. शहर वाटीत आहे आणि वस्ती कडांवर चढलेली. चारशेहून जास्त दगडी जिने आहेत इथे. स्टेशनपासून "सात मिनिटं" म्हणजे कधीकधी सरळ वर सात मिनिटं. बाबागाडी असेल तर एकदा स्वतः चालून बघाच.

---

कोथिंबीरवडी

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं लिहून घेतलंय. आधीच्या भाडेकरूंना विचारलं, स्वयंपाकघर विकायला तयार आहेत! आमचं घर डेगरलोखला आहे. एकच शंका. ताबा घ्यायच्या दिवशी नवरा कामाच्या प्रशिक्षणाला बाहेरगावी असेल, मी आणि मुलगी एकट्या असू. जर्मन मला जेमतेम येतं. तक्त्यात काय लिहिलंय ते न कळता सही कशी करू?

---

रानजाई

एकटीने करू नकोस. न वाचता सही तर अजिबात नाही. कागद घरी नेऊन दुसऱ्या दिवशी सही करून देते, असं म्हणण्यात काही वावगं नाही. पण त्याची वेळ येऊ देऊ नकोस. डेगरलोखला मारीएनप्लात्झवरून दातेरी रुळांची त्साके गाडी जाते, मला ती सोयीची आहे. दिवस आणि वेळ निरोपातून कळव. मी येते, मीटरचे आकडे आणि फोटो मी बघते, तू मुलीला सांभाळ. घरमालकाच्या दाखल्याचा कोरा फॉर्म शहराच्या संकेतस्थळावर मिळतो, तो छापून घेऊन ये. येताना माझ्याकडची सुटी शेगडी आणि एक दिवा आणते, तुमचं लागेपर्यंत वापरा.

---

आजरा_घनसाळ

ड्रिल आणि छताचे दिवे मी लावून देतो. फक्त शनिवार सांगा, रविवार नको.